पाच डॉलरांचे ‘नाही’

अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १९५० ते १९६७ अशी साडेसतरा वर्षे ‘व्हॉट्स माय लाइन?’ नावाचा एक ओळखाओळखीचा खेळ चालला. त्याच्या बचावलेल्या फिती मी अलीकडे ओळीने पाहिल्या.

खेळ अगदी साधा. पाहुण्याने फळ्यावर नाव लिहायचे आणि सूत्रधार जॉन डेली यांच्या शेजारी बसायचे. त्याचा धंदा प्रेक्षकांना ठाऊक, समोरच्या चौघांना नाही. त्यांनी हो-नाहीचे प्रश्न विचारायचे. दर ‘नाही’ला पाहुण्याला पाच डॉलर. दहा झाले की पन्नास डॉलर घेऊन स्वारी विजयी! शेवटी एखादी नामांकित व्यक्ती येई, तेव्हा चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या. १९५७ साली चित्रकार साल्वादोर दाली आले आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत सुटले. हसून पुरेवाट होते.

पण मला गोडी अनामिक पाहुण्यांची, आणि माझी तक्रारही तिथलीच. हे हसू कशाचे? समजा, पाहुणा गाद्या विकतो. ‘ही वस्तू घरात दोघे मिळून वापरतात का?’ असे कोणी भाबडेपणाने विचारले की प्रेक्षागृह खदखदते. इथवर ठीक. परंतु एखाद्या बाईने पुरुषी समजला जाणारा धंदा पत्करलेला असला, की तिचे नुसते असणेच विनोद ठरते. चाणाक्ष म्हणवणारी ही मंडळी देखणी पाहुणी दिसली की आधीच चुकीच्या वाटेला लागतात. आणि गंमत पाहा, त्याच चौघांत खुनांच्या खटल्यांची वार्ता देणाऱ्या पत्रकार डोरोथी किलगॅलन बसलेल्या! प्रकाशक बेनेट सर्फ कोट्या करीत राहत. नेमका प्रश्न बहुधा बाईंचा.

तरीही या खेळाला मी उथळ म्हणणार नाही. पाहुणा कोणीही असो, डेली त्याला अदबीने ‘मिस्टर’ म्हणत. समोरचे पुरुष काळ्या टायमध्ये, स्त्रिया सायंवेषात. जाताना तो चौघांशीही हस्तांदोलन करी. कष्टाच्या धंद्याला इतके सजून सामोरे जाणारी करमणूक मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

१९६५ च्या नोव्हेंबरात किलगॅलनबाई वारल्या. त्यांची खुर्ची पुढे कायमची कोणालाच दिली नाही. ३ सप्टेंबर १९६७ च्या अखेरच्या भागात गुपित पाहुणे म्हणून खुद्द डेलीच बसले, आणि आवाज बदलून स्वतःच उत्तरे देऊ लागले.