डांगचा पट्टा आणि त्याची दुसरी संहिता

करार दोन पक्षांत होतो. त्याचा अर्थ मात्र बहुधा एकाच पक्षाच्या दप्तरातून लावला जातो. इ. स. 1842 मध्ये डांगच्या भिल्ल राजांनी आपली सागवानी जंगले इंग्रज सरकारला पट्ट्याने दिली. सुरगाणा तालुक्याला लागून असलेला हा प्रदेश 1960 मध्ये गुजरातेत गेला. आहवा येथे होळीच्या सुमारास भरणाऱ्या दरबारात पाच राजांना आजही वार्षिक तनखा दिला जातो. पट्ट्याचा हा दृश्य अवशेष होय. त्याचा अर्थविषयक अवशेष अधिक विचारणीय आहे.

‘पट्टा’ ह्या शब्दात देणाऱ्याचे धनीपण गृहीत असते. जहाजबांधणीच्या लाकडासाठी इंग्रजांनी ते मान्य केले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच जंगलांत राखीव क्षेत्रे आखून फिरत्या शेतीवर निर्बंध घातले. भाडेकरूने धन्यालाच अंगण वर्ज्य करावे, तसा हा प्रकार होता.

न्यूझीलंडमधील 1840 च्या वायतांगी कराराशी ह्याची तुलना उद्बोधक ठरते. तेथील इंग्रजी संहितेत सार्वभौमत्वाचे दान आहे. माओरी संहितेत ‘कावानातांगा’, म्हणजे केवळ कारभाराचा अधिकार, दिलेला आहे. ह्या तफावतीचा विचार करण्यासाठी तेथे 1975 मध्ये न्यायाधिकरण स्थापन झाले. डांगमध्ये दुसरी संहिता कागदावर नाही. ती ‘गोठ’ ह्या मौखिक कथनात आहे.

अजय स्कारिया ह्यांनी ‘हायब्रिड हिस्टरीज’ (1999) ह्या ग्रंथात ह्या गोठींना इतिहासाच्या साधनाचा दर्जा दिला, हे त्यांचे मोठे कार्य होय. गोठींत काळाचे दोन भाग पडतात: ‘मोगलाई’ आणि ‘मांडिनी’. प्रमाण मराठीत मोगलाई म्हणजे अंदाधुंदी. डांगी कथनात ती मोकळेपणाची अवस्था आहे. ‘मांडिनी’चे ‘मांडणे’ ह्या धातूशी नाते दिसते. प्रमाण मराठीत ‘मांडणी’ म्हणजे सुव्यवस्था, तर गोठीत ती हद्दी, मोजणी व मनाई ह्यांची सुरुवात होय. दोन्ही शब्दांचे मूल्य असे नेमके उलटते. इंग्रजी विवेचनात हा उलटा व्यवहार पुरेसा जाणवत नाही, कारण तेथे दोन्ही शब्द सारखेच परके असतात. तो मराठी वाचकालाच बोचतो. म्हणून त्याचे विवेचन करण्याची जबाबदारीही मराठी भाषाभ्यासावर येते.

हा प्रश्न केवळ कोशरचनेचा नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन हा ग्राह्य पुरावा आहे. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रांत, 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनुसार, जिल्हा समितीने फेटाळलेल्या दाव्यांवरील अपील विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जाते. सुरगाणा व पेठ येथील दावेदारांच्या दृष्टीने ही वाट नाशिक रोडला येऊन पोहोचते. तेथे येणारे कथन बोलीत जन्मलेले आणि प्रमाण मराठीत टिपलेले असते. आजोबांच्या वेळच्या मोकळ्या वहिवाटीची साक्ष टिपणाऱ्याच्या लेखणीतून ‘अनिर्बंध अतिक्रमण’ होऊन उतरली, तर दावा पुराव्याअभावी नव्हे, भाषांतराच्या दोषाने बुडेल. बोलीतील मूळ शब्द कथनात जसाच्या तसा राखणे आणि त्याचा अर्थ सांगणाऱ्याकडूनच घेणे, एवढी शिस्त पाळली तरी दुसरी संहिता वाचली जाण्याची शक्यता निर्माण होते. 1842 च्या पट्ट्याच्या वेळी ती शिस्त पाळली गेली नाही.