चाक चढेल, पण खणेल का?

खोल समुद्रातील खाणीसाठी चाकांचे वाहन सुचवताना चंद्रावरील गाड्यांचा दाखला दिला जातो. १९७० साली सोव्हिएत संघाची आठ चाकांची लुनोखोद-१ ही गाडी चंद्रावरच्या खाचखळग्यांतून चालली, मग समुद्रतळावर तशी का चालू नये? युक्तिवाद आकर्षक आहे, पण आम्हांला तो अपुरा वाटतो. चालणे आणि खणणे यांत तो फरकच करीत नाही.

समुद्रातील डोंगरांवर कोबाल्टयुक्त कवच खडकाला घट्ट चिकटलेले असते. हिंदी महासागरातील अफनासी-निकितिन डोंगरावर अशा कवचाचा शोध घेण्यासाठी भारताने जानेवारी २०२४ मध्ये अर्ज केला. कवच कापताना खडकही वाहनाला तेवढ्याच बलाने मागे ढकलणार, हा न्यूटनचा तिसरा नियम. तो रेटा चाकांखालच्या घर्षणानेच पेलायचा.

थोडा हिशेब करू. समजा, प्लावक बल वजा जाता वाहनाचे पाण्यातील वजन २ टन आहे आणि घर्षणांक ०.५. सपाटीवर १ टन वजनाइतकी पकड मिळेल. २० अंशांच्या उतारावर ती ०.९४ टन होते, आणि त्यातली ०.६८ टन वाहन घसरू न देण्यातच खर्ची पडते. चढाच्या दिशेने खडक कापायला उरते जेमतेम पाव टन!

नुसत्या चढाईत मात्र वजनाचा प्रश्नच येत नाही. या घर्षणांकाला हलके वा जड, कोणतेही वाहन सुमारे २६ अंशांपर्यंतच तग धरेल. म्हणून चढाईची चाचणी खाणकामाबद्दल फारच थोडे सांगते.

वजन वाढवले तर खडकावर भागेल, पण मऊ गाळात चाक रुतेल. २०२१ साली मध्य हिंदी महासागरात ५,२७० मीटर खोलीवर चाचणी झालेले भारताचे ‘वराह’ पट्ट्यांवर चालते. पट्टा भार मोठ्या क्षेत्रफळावर पसरवतो.

चाकांना आमचा विरोध नाही. ओबडधोबड खडकावर प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होऊ शकते, हा त्यांचा खरा गुण. मात्र कोणत्या उतारावर किती रेटा पेलेल, हा आकडा नसलेला आराखडा अपुराच मानावा.

वर्गात हे सहज दाखवता येईल. खेळण्यातल्या मोटारीची चाके दोऱ्याने जखडून ती फळीवर ठेवा आणि ताणकाट्याने उताराच्या दिशेने ओढा. फळी जितकी तिरपी, तितक्या कमी बलाने मोटार घसरेल. ते आकडे विद्यार्थ्यांनाच मांडू द्या.