सुट्टी कोणाची? आठवणींच्या लेखनाविषयी काही विचार

प्रतिवर्षी उन्हाळा तापू लागला, की आमच्या समाजातील नियतकालिकांत एका विशिष्ट प्रकारच्या लेखनाला बहर येतो. लेखक किंवा लेखिका बहुधा पन्नाशी ओलांडलेली असते. लेखाचा आरंभ वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या पेपराने होतो. मग आजोळची वाट, विहिरीतले डुंबणे, अढीतले आंबे, ताडगोळे, करवंदे, रात्री अंगणात अंथरलेल्या चटया आणि आजीच्या गोष्टी असा क्रम लागतो. मध्येच वळवाचा पाऊस येतो, मातीचा गंध दरवळतो आणि ते दिवस आता पुन्हा येणार नाहीत, असा दीर्घ उसासा टाकून लेखणी थांबते. नाताळच्या अंकात हाच लेख थंडीची शाल पांघरून पुन्हा भेटतो. आंब्यांच्या जागी करंज्या येतात, एवढाच काय तो फरक.

हे आम्ही उपहासाने लिहीत नाही. अशा लेखांना आम्ही मोलाचे मानतो. ज्यांनी आयुष्यात दुसरे काहीही लिहिले नाही, अशी माणसे निदान हा एक लेख लिहितात. वसईच्या वाड्यांत एके काळी कोणती केळी लावीत, राजेळीची सुकेळी कशी करीत, रहाटाचा आवाज पहाटे कसा येई, हे कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. ते सापडते या लेखांत. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून येथील वाड्यांचे भूखंड होऊ लागले होते. जे डोळ्यांदेखत नाहीसे झाले, ते शब्दांत तरी राहावे, ही ओढ स्वाभाविक आहे आणि पवित्रही आहे.

परंतु ओढ म्हणजे साहित्य नव्हे. म्हणून या लेखनाला एक साधा प्रश्न विचारावा असे आम्हाला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. ही जी सुट्टी आपण इतक्या प्रेमाने वर्णन करतो, ती नेमकी कोणाची होती?

मे महिना हा शाळकरी मुलांच्या सुट्टीचा, तसाच तो कोकण किनाऱ्यावरील घराघरांतल्या आगोटीचा. आगोट म्हणजे पावसाळ्यापूर्वीची बेगमी. मिरच्या उन्हात घालून वर्षाचा मसाला कुटायचा, चिंचा फोडून त्यांचे गोळे करायचे, बोंबील आणि जवळा वाळवून डब्यांत भरायचा, वाल आणि तांदूळ निवडायचे, लाकूडफाटा रचायचा, कौले परतायची. पावसाळ्यात समुद्र बंद, रस्ते बंद, हाताला काम नाही; म्हणून चार महिन्यांचे अन्न त्या चार-सहा आठवड्यांत जमवावे लागे. आमच्या सुट्टीचे सर्व दिवस आमच्या आयांच्या वर्षातील सर्वांत कष्टाचे दिवस होते. मामाच्या घरी आठ-दहा भाचरे उतरली, म्हणजे मामीला त्या आगोटीत आठ-दहा पाने अधिक वाढावी लागत. आमच्या लेखांत मामीच्या हातच्या कालवणाची चव असते, पण मामीचा हात नसतो.

या कसोटीवर मराठीतील काही मान्यवर ग्रंथ पुन्हा वाचून पाहावेत.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली; १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. या पुस्तकावर भाबडेपणाचा आरोप अनेकदा झालेला आहे आणि तो सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि त्यातील सुट्टीचे चित्र पाहावे. श्याम दापोलीहून मे महिन्याच्या सुट्टीत घरी येतो आणि भावंडांशी भांडतो. आईला त्याचे दुःख होते, ती त्याला समजावते. पुढे श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवतो आणि भर पावसात तो घेऊन घरी जातो. सुट्टीही येथे आहे, पाऊसही आहे. परंतु दोन्हींच्या मध्यभागी एक फाटका कोट आहे आणि तो फाटका आहे हे उशिरा दिसल्याची टोचणी आहे. रात्रींमागून रात्री श्याम जे सांगतो, ते सुखाचे स्मरण नसून ऋणाचे स्मरण आहे. म्हणूनच ओघळणाऱ्या अश्रूंसहित ते पुस्तक टिकले.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. ख्रिस्ती मराठी साहित्याचा हा मानबिंदू आपण सभासमारंभांत वारंवार उल्लेखितो. वाचतो किती, हा प्रश्न निराळा. लक्ष्मीबाईंच्या बालपणावर वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याची छाया होती. त्या छायेत भय होते, जाच होता. तो जाच त्या लपवीत नाहीत आणि त्याचा हिशेबही मागत नाहीत, त्या हसतात. या हास्यात आपल्या मोठेपणाचा लेश नाही. बालपण गोड होते असे सिद्ध करण्याचा त्यांना सोस नाही, म्हणून ते खरे वाटते.

प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास' या १९९४ सालच्या संग्रहाने तिसरी वाट दाखविली. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांजवळ राहणारा लंपन स्वतः बोलतो. साठीकडे झुकलेला लेखक मधे येऊन 'अहाहा, काय ते दिवस!' असे एकदाही म्हणत नाही. मुलाला ते दिवस 'ते दिवस' वाटतच नसतात. त्याला त्या क्षणी आईची आठवण येत असते, एवढेच. आमच्या लेखांत मात्र दहा वर्षांचा मुलगा पन्नास वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांनी आंबा खातो.

ललित साहित्याच्या बाहेरचा, परंतु आमच्या अभ्यासक्रमात पुनःपुन्हा भेटलेला एक ग्रंथ येथे आठवतो. संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात सोळाव्या वर्षाची एक आठवण सांगतात. सोबत्यांसह त्यांनी शेजारच्या झाडाची फळे चोरली. पोटात भूक नव्हती, फळेही फारशी गोड नव्हती. आमच्यापैकी कोणी ही आठवण लिहिली असती, तर तिचे शीर्षक 'बालपणीच्या खोड्या' असे झाले असते. ऑगस्टीन मात्र तिच्यापाशी थांबतात आणि विचारतात, मी हे का केले? एवढ्या क्षुल्लक आठवणीवर ते पानेच्या पाने खर्च करतात, कारण स्मरण हे त्यांच्या लेखी सत्यासमोर उभे राहणे आहे.

येथे आम्हाला स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. दुसऱ्यांच्या लेखनाची तपासणी करणाऱ्याने आपली वही लपवू नये.

सेमिनरीत शिकत असताना तेथील हस्तलिखित अंकासाठी आम्हीही असाच एक लेख लिहिला होता. त्यात एका उन्हाळ्याचे वर्णन होते. घरामागच्या विहिरीत दिवसभर मारलेल्या उड्या, काठावरचे जांभळाचे झाड, संध्याकाळी ओल्या अंगाने खाल्लेली भाकरी, सारे काही यथासांग होते. गुरुजनांनी कौतुक केले. सुट्टीत घरी गेल्यावर तो लेख आम्ही आईला वाचून दाखविला. ती ओसरीवर चिंचा फोडीत बसली होती. हात न थांबविता तिने सर्व ऐकले आणि शेवटी म्हणाली, "छान लिहिलंस रे बाबा. पण त्या वर्षी आपली विहीर आटली होती. मी पाणी पलीकडच्या वाडीतून आणीत होते. तुला आठवत नाही?"

आम्हाला खरोखरच आठवत नव्हते. दोन-तीन उन्हाळे आमच्या मनात एकमेकांत मिसळले होते आणि त्या मिश्रणातून जे गाळले गेले, ते नेमके तिच्या डोक्यावरच्या हंड्याचे वर्ष होते. त्या वेळी आम्ही हसलो आणि विषय बदलला. किती खेपा होत होत्या, पलीकडच्या वाडीवाल्यांनी पाणी सुखाने दिले की बोल लावून दिले, हे विचारायचे राहून गेले. आता ते सांगायला ती नाही. तो लेख आमच्याजवळ अजून आहे. तो पुन्हा काढून वाचण्याचे धाडस मात्र क्वचितच होते.

त्या वाडीत आळ्यांना पाणी लावणाऱ्या आदिवासी मजुराचा आमच्याच वयाचा एक मुलगा होता. तो आमच्याबरोबर पोहत असे, एवढे आमच्या लेखात होते. मे महिना उजाडला म्हणून त्याची काही सुट्टी सुरू होत नव्हती, हे त्यात नव्हते. आमच्या समाजाच्या समग्र आठवणी कोणी पुढे एकत्र केल्या, तर त्या वाड्या कोणाच्या घामावर हिरव्या राहिल्या, हे त्यांतून कळेल काय?

आता ऋतूंविषयी. या लेखांतील दुसरे ठरलेले विधान असे, की पूर्वी ऋतू वेळेवर येत असत. या विधानात तथ्य नाही असे आज कोणीही म्हणणार नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पंधरवडाभर आधी आलेल्या अशा पावसात वाळत घातलेल्या मासळीचे काय होते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ऋतू बदलत आहेत आणि त्याची झळ आधी त्यांनाच बसते, ज्यांची आगोट अजून उघड्या आकाशाखाली वाळते.

परंतु म्हणून पूर्वीचे सर्व ऋतू दयाळू होते काय? १९७२ सालचा दुष्काळ ज्यांनी पाहिला, ती माणसे अजून आपल्यात आहेत. पूर्वीही विहिरी आटत, पूर्वीही पाऊस दगा देई. आठवणीतला पाऊस वेळेवर येतो, कारण तो आपणच आणलेला असतो. बदलत्या ऋतूंचे दुःख खरे असेल, तर ते उसाशांनी सिद्ध होणार नाही; त्याला निरीक्षणाची जोड हवी. दुर्गा भागवतांनी १९५६ साली 'ऋतुचक्र' प्रसिद्ध केले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्याचा एक लेख. त्यांचे सामर्थ्य हळहळीत नाही, पाहण्यात आहे. कोणते झाड कोणत्या महिन्यात कसे दिसते, हे त्या डोळ्यांत साठवून लिहितात. त्यामुळे आज सत्तर वर्षांनी ते पुस्तक हातात घेऊन आपण आपल्या दारचे झाड ताडून पाहू शकतो. आमच्या लेखांपैकी किती लेख पुढच्या पिढीला असे ताडून पाहता येतील? जांभूळ केव्हा पिकत असे, पहिला वळीव साधारण कोणत्या सणाच्या सुमारास येई, विहिरीला उन्हाळ्यात किती हात पाणी राही, एवढे जरी त्यांत नोंदलेले असते, तरी त्यांचे मोल शतपट वाढले असते.

आठवणींचे लेख लिहू नयेत, असा या विवेचनाचा अर्थ कोणी काढू नये. उलट, ते अधिक लिहावेत. ज्यांच्याजवळ त्या काळाची साक्ष आहे, त्यांची संख्या दरवर्षी कमी होत आहे. दफनविधीच्या वेळी आम्हाला हे इतरांपेक्षा थोडे आधी कळते. एकेक वृद्ध स्त्री जाते आणि तिच्याबरोबर एका घराच्या चाळीस-पन्नास आगोटी जातात. तिच्या नातवंडांनी लिहिलेल्या मृत्युलेखात ती प्रेमळ होती, असे असते. ती कोणत्या वेळी उठत होती, हे नसते.

म्हणून आमच्या लेखक बंधुभगिनींना एक छोटी विनंती. आठवणींचा लेख लिहून झाल्यावर तो संपादकांकडे धाडण्यापूर्वी घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला वाचून दाखवावा आणि ती मधे काही बोललीच, तर तिला थांबवू नये. तिने सुधारलेली ओळ आपल्या मूळ ओळीइतकी सुबक कदाचित नसेल. ती तशीच छापावी. आपल्या सुट्टीच्या आठवणीत त्या विहिरीचे खरे पाणी तेवढ्यापुरते तरी येईल.