पाळत आणि दखल : वसई-विरारमधील पोलिसी टेहळणी व नागरिकांचे खासगीपण

प्रास्ताविक

पोलिसांचे टेहळणी-तंत्रज्ञान आणि नागरिकांचे खासगीपण या विषयावरील आपल्याकडील चर्चा बहुतांशी महानगरकेंद्री राहिली आहे. मुंबईत २०१६ साली कार्यान्वित झालेले सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचे जाळे, बोटांचे ठसे, चेहरा आणि बुबुळ यांची एकत्र नोंद ठेवणारी राज्य पोलिसांची 'अँबिस' प्रणाली, किंवा पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी २०२४ साली स्थापन झालेली 'मार्व्हल' ही शासकीय कंपनी, यांचा उल्लेख अशा चर्चेत हमखास येतो. लहान शहरे मात्र 'पुढचा टप्पा' म्हणूनच तिच्यात येतात. जे मुंबईत झाले ते काही वर्षांनी तेथे होईल, एवढेच गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची वसई-विरारच्या संदर्भात चिकित्सा करावयाची आहे. लहान शहरातील खासगीपणाचा प्रश्न कॅमेऱ्यांच्या संख्येपासून सुरू होत नाही. पोलीस ठाण्याकडे आलेली माहिती कोणासाठी वापरली जाते आणि कोणाविरुद्ध, येथून तो सुरू होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वसई-विरारला 'लहान शहर' म्हणावे काय, ही शंका रास्त आहे. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा व ५३ गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार भरली. आकड्यांच्या हिशेबात हे मोठेच शहर होय. परंतु पश्चिमेकडील निर्मळ, गास, भुईगाव येथील वाड्यांत आजही माणूस घराण्याच्या नावाने ओळखला जातो. कोणाची मुलगी कोणाबरोबर बोलत उभी होती, ही वार्ता ती घरी पोहोचण्याआधी पोहोचते. रेल्वेच्या पूर्वेस, आचोळे, तुळिंज, संतोष भुवन या भागांत याच्या नेमके उलटे चित्र आहे. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे तेथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. अकरा महिन्यांनी करार संपतो, पत्ता बदलतो, शेजार बदलतो. एकीकडे सर्वांना सर्व ठाऊक, दुसरीकडे कोणालाच कोणी ठाऊक नाही. अशा शहरात टेहळणीचे ओझे सर्वांवर सारखे पडेल, हे संभवत नाही.

एक अर्ज आणि एक शासन निर्णय

मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचा कारभार १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २३ नोव्हेंबर २०२० रोजी, वसईतील एका तरुणीने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. आपला सहजीवनातील जोडीदार आपल्याला मारहाण करतो, ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असे तिने त्यात लिहिले होते. पुढील महिन्यात, आता वाद उरलेला नाही असे तिने लिहून दिल्यावर चौकशी थांबली, असे पोलिसांचे म्हणणे आहे. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या जोडीदाराला अटक होऊन पुढे त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. हा सर्व तपशील वृत्तपत्रांतून सर्वज्ञात आहे आणि त्याचा भडक वापरही पुष्कळ झाला. येथे त्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे.

पोलिसांजवळ माहिती नव्हती, असे या प्रकरणात म्हणता येत नाही. धोका कोणापासून, कोणत्या स्वरूपाचा, कोणत्या पत्त्यावर, हे सारे पीडितेने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिले होते. कोणत्याही कॅमेऱ्याला, कोणत्याही संगणकीय प्रणालीला यापेक्षा नेमके काही सांगता आले नसते. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम विवाहासदृश संबंधांनाही लागू आहे आणि त्यात संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद आहे. मारहाण सोसणारी स्त्री अर्ज मागे घेते तेव्हा ती नेहमीच मोकळ्या मनाने घेते असे नाही, हे कोणताही अनुभवी ठाणे अंमलदार जाणतो. त्यानंतर एखाद्या महिला अधिकाऱ्याने पुन्हा एकदा दार ठोठावून विचारपूस करणे ही पाळत ठरली नसती. ती दखल ठरली असती. या दोहोंतला भेद प्रस्तुत विवेचनात कळीचा आहे. पाळत माणसाच्या नकळत आणि त्याच्या संमतीशिवाय असते. दखल माणूस स्वतः मागतो.

या घटनेवर राज्यसंस्थेने दिलेला प्रतिसाद त्याहून बोलका आहे. १३ डिसेंबर २०२२ रोजी महिला व बालविकास विभागाने 'आंतरजातीय/आंतरधर्मीय विवाह-कुटुंब समन्वय समिती' स्थापन करणारा शासन निर्णय काढला. दोनच दिवसांत त्यातून 'आंतरजातीय' हा शब्द वगळण्यात आला. तत्कालीन मंत्र्यांनी समितीची गरज सांगताना वसईच्या याच प्रकरणाचा दाखला दिला होता. नोंदणी झालेले व न झालेले, धार्मिक स्थळी लागलेले, पळून जाऊन केलेले असे आंतरधर्मीय विवाह, त्यातील मुली आणि त्यांचे माहेर यांच्याविषयी माहिती मिळविणे हे समितीचे काम. जिचा अर्ज वाचूनही काही घडले नाही, तिच्या नावाने ज्यांनी कोणताच अर्ज केलेला नाही अशा सज्ञान स्त्रीपुरुषांची यादी करावयाची, असा हा व्यवहार झाला. शिवाय त्या तरुणीचा विवाहच झालेला नव्हता. समितीच्या यादीत तिचे नाव कधी आलेच नसते.

येथे लहान शहराचा प्रश्न थेट उभा राहतो. महानगरात अशा यादीतील नाव कदाचित फायलीत पडून राहील. वसईसारख्या ठिकाणी ते नाव कार्यालयातून घरी, घरून वाडीत, वाडीतून मंदिराच्या वा चर्चच्या आवारात जाण्यास फार वेळ लागत नाही. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली तीस दिवस फलकावर लागणाऱ्या नोटिशीनेच किती जोडप्यांना तालुका सोडावा लागतो, हे विवाह नोंदणी कार्यालयाबाहेर बसणारे वकील सांगू शकतील.

या निष्क्रियतेमागे पोलीस यंत्रणेचा सार्वत्रिक संथपणा आहे, असेही समजता येत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात असताना, मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि त्याला पसंती देणाऱ्या तिच्या मैत्रिणीला एका दिवसात अटक झाली होती. तेथे कोणतेही महागडे यंत्र नव्हते. गावातल्याच मंडळींनी वाचले आणि ठाणे गाठले. ते प्रकरण पुढे बंद झाले, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरविले. जमाव ठाण्यावर आला की वेग येतो, एकटी मुलगी अर्ज घेऊन आली की येत नाही. तंत्रज्ञान या सवयीवर बसविले तर ते तिलाच बळ देईल.

दार ठोठावणारा शिपाई आणि न ठोठावणारा कॅमेरा

भारतीय न्यायालयांपुढे पाळतीचा प्रश्न प्रथम आला तो दार ठोठावण्याच्या रूपाने. खरक सिंग या उत्तर प्रदेशातील गृहस्थांवर दरोड्याचा आरोप होता. पुराव्याअभावी ते सुटले, तरी पोलिसांनी त्यांचे इतिहासपत्रक उघडले आणि शिपाई-चौकीदार रात्री-अपरात्री दारावर येऊ लागले. १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरविल्या, मात्र दुरून ठेवलेली नजर, हालचालींची नोंद या बाबी वैध मानल्या, कारण बहुमताच्या मते खासगीपण हा मूलभूत अधिकारच नव्हता. न्या. सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदविले. ज्याच्यावर सतत डोळा आहे तो माणूस रस्त्यावर मोकळा फिरत असला तरी मोकळा म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले आणि जुना निकाल त्या मर्यादेपर्यंत मोडीत काढला. कायद्याचा आधार, वैध हेतू आणि हेतूच्या प्रमाणात उपाययोजना या कसोट्या तेव्हापासून लागू आहेत.

महाराष्ट्राला याहून जुनी स्मृती आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला कृत्यावरून नव्हे तर जन्मावरून हजेरीपटावर घातले. कायदा १९५२ मध्ये गेला. पण 'विमुक्त' झालेल्यांच्या पालांवर पहाटेची झडती चालूच राहिली, याची साक्ष लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने दिली आहे. वहीच्या जागी आता संगणक आला आहे. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ अन्वये अटक झालेल्या व्यक्तीची मोजमापे घेता येतात आणि ती ७५ वर्षे जतन होऊ शकतात. निर्दोष सुटल्यास नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे खरी, पण नालासोपाऱ्याच्या चाळीतील रोजंदार त्यासाठी पाठपुरावा कसा करणार, याचा विचार केलेला आढळत नाही.

याच हजेरीपटाचे सौम्य रूप म्हणजे भाडेकरू नोंद. महाराष्ट्रातील पोलीस आयुक्तालये पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, भाडेकरूंची माहिती ठाण्यास देण्याचे आदेश काढत आली आहेत. मूळ कलम तातडीच्या प्रसंगासाठी असून आदेशाची मुदत साधारणपणे दोन महिन्यांची. तो पुनःपुन्हा काढला की तात्पुरती उपाययोजना कायमची होते. घरमालकाची नोंद होत नाही, भाडेकरूची होते. (आचोळ्यातील राखीव भूखंडावर बनावट कागदपत्रांच्या आधारे उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या. त्या वर चढत असताना कोणाच्या दृष्टीस पडल्या नाहीत, आणि आतल्या माणसांना मात्र रस्त्यावर यावे लागले. नजर कोठे रोखलेली असते, याचा हा एक पुरावाच.)

गोळा केलेली माहिती ठाण्यातच राहते, या विश्वासालाही २०१८ साली शेजारच्या ठाण्यात तडा गेला. लोकांच्या दूरध्वनी कॉलचे तपशील विकत घेणाऱ्या खासगी गुप्तहेरांना ठाणे पोलिसांच्याच गुन्हे शाखेने पकडले, आणि आरोपींत एक पोलीस शिपाईही निघाला. पती पत्नीवर, बाप मुलीवर नजर ठेवू पाहतो तेव्हा त्याला लागणारी सामग्री शासकीय अधिकाराच्या मागच्या दाराने येते, हा त्या प्रकरणाचा धडा होता. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात दूरध्वनी ऐकण्याचे बेकायदेशीर आदेश रद्द करून त्यातून मिळालेले ध्वनिमुद्रण नष्ट करण्यास सांगितले. आरोपी व्यावसायिक होता आणि उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची त्याची ऐपत होती, हेही लक्षात ठेवावे लागते.

सुरक्षिततेचा युक्तिवाद आणि उत्तरदायित्व

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. वसईच्या त्याच प्रकरणाचा उलगडा अखेर फोनचे ठिकाण आणि बँकेचे व्यवहार यांवरून झाला. लोकलने रात्री उशिरा परतणाऱ्या स्त्रियांना स्थानकाबाहेरचा कॅमेरा हवासा वाटतो. ती मागणी खोटी नाही. परंतु विशिष्ट गुन्ह्याच्या तपासासाठी विशिष्ट व्यक्तीची नोंद मागविणे आणि सर्वांची नोंद आधीच करून ठेवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये साउथ वेल्स पोलिसांच्या चेहरा-ओळख यंत्रणेविरुद्ध निकाल देताना हेच बोट ठेवले : यादीत कोणाला घालावयाचे आणि यंत्र कोठे लावावयाचे, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले होते. कार्डिफच्या नागरिकाला हा प्रश्न विचारता आला. आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १७ ने गुन्ह्यांचा प्रतिबंध व तपास यांसाठी केलेल्या माहितीच्या वापरास बहुतेक बंधनांतून सूट दिली आहे, आणि केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या यंत्रणा तर अधिनियमाबाहेरच राहतात.

मग विचारणार कोण? वसई-विरारमध्ये २०२० च्या मध्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत लोकनियुक्त महासभाच नव्हती. प्रशासकाचा कारभार होता. या काळात गृहनिर्माण संस्था, दुकानदार, महापालिका आणि पोलीस अशा अनेक हातांनी कॅमेरे लागत गेले. त्यांतील चित्रण कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, कोणाला देतो, यावर सभागृहात एक लक्षवेधी देखील होऊ शकत नव्हती. आपणा प्राध्यापकांनीही येथे स्वतःकडे पाहावे. वर्गातील कॅमेरा आणि बोटाचा ठसा घेणारे हजेरीयंत्र आपण फारशी चर्चा न करता स्वीकारले, आणि विद्यार्थिनींच्या हालचालींचे चित्रण पालकाने मागितल्यास द्यावे की नाही, याचा लेखी नियम फार थोड्या महाविद्यालयांत असेल.

सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे तुळिंजचा तो अर्ज दाखल झाल्यानंतर नवव्या दिवशी, देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचे, शक्यतो अठरा महिने चित्रण राखण्याचे आणि देखरेखीसाठी जिल्हा पातळीवर समिती नेमण्याचे आदेश दिले. प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, निरीक्षकाचे दालन, स्वागतकक्ष या जागा निकालात नावानिशी आहेत. ठाण्यातील कॅमेरे बंद असल्याच्या प्रश्नाची दखल त्याच न्यायालयाला सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली. नव्या महासभेने आणि पालघरच्या जिल्हा समितीने हाती घ्यावी अशी पहिली पाहणी हीच आहे : आयुक्तालयाच्या प्रत्येक ठाण्याच्या स्वागतकक्षात, जेथे अर्ज घेऊन आलेली व्यक्ती उभी राहते तेथे, कॅमेरा चालू आहे काय, आणि तिला ते चित्रण मागता येते काय.