सोवळे आणि पावित्र्य

इंझोरीत बसून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी पुन्हा वाचली. आमचे समीक्षक त्यातल्या विनोदापाशीच रेंगाळतात. मला महत्त्वाचे वाटते ते सोवळे. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई सोवळ्यातच राहिल्या, पुढे नवऱ्याकडे आल्यावरही वेगळा स्वयंपाक करीत. जातिभेद त्यांनी आधी टाकला, १९०० सालचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. हा क्रमच मोलाचा आहे. माणसाचा स्पर्श टाळून जपलेली शुद्धता म्हणजे पावित्र्य नव्हे. तो निव्वळ आत्मकेंद्री स्वार्थ होय. आज स्वतःपुरता देव, स्वतःपुरते तारण मागणाऱ्या सुशिक्षितांचे सोवळे तरी कुठे सुटले आहे? आणि ज्याच्या हातचे पाणी नाकारले गेले, त्याच्या बाजूने हे पुस्तक आपण कधी वाचणार?