चौकटीतला माणूस

व्यक्तिचित्र म्हणजे 'हा माणूस होता' अशी कलेने दिलेली साक्ष. ही साक्ष आजवर कुणाच्या वाट्याला आली, हे आपले प्रस्थापित समीक्षक विचारीत नाहीत. राजा रविवर्म्याने बडोद्याच्या राजघराण्याची तैलचित्रे रंगविली. ती दरबारासाठी होती. १८९४ साली मुंबईत त्याचा शिळाछापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. देवळाची पायरी ज्याला बंद होती, त्याच्याही भिंतीवर देव आला. पण त्याचा स्वतःचा चेहरा ना दरबारात होता, ना छापात.

बाबासाहेबांच्या चित्राने हा सारा क्रम उलटा केला. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र १९९० साली लागले. झोपडीत ते कितीतरी आधी लागले होते. निळा कोट, चष्मा, हातात संविधान ही प्रतिमा कुणा दरबारी चित्रकाराने घडविली नाही. छायाचित्रांवरून काढलेल्या स्वस्त छापांनी ती घडविली.

म्हणूनच या छापांची समीक्षाही आपणच केली पाहिजे. कित्येक छापांत गाल गुलाबी असतात, मस्तकामागे प्रभावळ असते. ही सौंदर्यदृष्टी कुणाची? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत ज्यांनी विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला, त्यांनाच आपण देवांच्या रांगेत बसवावे काय? छाप भिंतीवर हवाच. पण त्या चौकटीतून आपल्याकडे वाचणारा, झगडणारा माणूसच पाहत असला पाहिजे.