भार कोणाचा, महागाई कोणाची?

भारित सरासरी वर्गात बहुधा सूत्रापुरतीच शिकवली जाते. भार दिलेले असतात. गुणाकार, बेरीज, भागाकार केला की उत्तर तयार! ते भार आले कोठून, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आमच्या मते खरे संख्याशास्त्र त्या प्रश्नापासून सुरू होते.

औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक पाहा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता त्यावरून ठरत आला आहे. २००१ आधारवर्षाच्या मालिकेत अन्न व पेये या गटाला १०० पैकी ४६.२ भार होता. २०२० मध्ये आलेल्या, २०१६ आधारवर्षाच्या मालिकेत तो ३९.१७ झाला. समजा, आधारवर्षाच्या तुलनेत अन्न १० टक्क्यांनी महागले आणि बाकी सारे स्थिर राहिले. जुन्या भारांनी महागाई सुमारे ४.६ टक्के निघेल, नव्या भारांनी ३.९ टक्के. भाववाढ मात्र तीच!

ही लबाडी आहे काय? तसे म्हणता येणार नाही. उत्पन्न वाढले की खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवले होते. उलट, २००१ ची मालिका २०२० पर्यंत रेटणे हाच दोष होता.

आमचा आक्षेप वेगळा आहे. भार काढताना सर्व कुटुंबांचा खर्च एकत्र केला जातो. एक कुटुंब महिना १०,००० रुपये खर्च करते, त्यात अन्नावर ६,०००. दुसरे ४०,००० खर्च करते, अन्नावर १२,०००. दोघांच्या वाट्यांची, म्हणजे ६० व ३० टक्क्यांची, साधी सरासरी ४५. पण खर्च एकत्र केल्यास ५०,००० पैकी १८,०००, म्हणजे ३६! जो अधिक खर्च करतो त्याचे मत अधिक मोजले जाते. अन्न १० टक्क्यांनी महागले तर निर्देशांक ३.६ टक्के सांगेल; पहिल्या घराला झळ बसेल ६ टक्क्यांची.

म्हणूनच एकच आकडा सर्वांची महागाई सांगू शकत नाही. शेतमजुरांच्या १९८६-८७ आधारवर्षाच्या निर्देशांकात अन्नाचा भार ६९ हून अधिक होता, हे येथे ध्यानात घ्यावे. उत्पन्नगटांनुसार वेगळे निर्देशांक प्रसिद्ध झाले तर हे अंतर उघड दिसेल. तोवर शिक्षकांनी एवढे करावे: काल्पनिक कुटुंबांचे खर्च देऊन भार विद्यार्थ्यांनाच काढू द्यावेत, आणि मगच सूत्र फळ्यावर लिहावे.